थिंकपॅड टी४८० घरच्या घरी: जुना लॅपटॉप तपासणं, उघडणं आणि सुधारणं, पायरीपायरीने

कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसातले लॅपटॉप बदलतात आणि ते सगळे सेकंडहँड बाजारात येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन दुकानं. कुठेही विचारा, लेनोवोचा थिंकपॅड टी४८० हमखास समोर ठेवतात. २०१८ सालचं हे मॉडेल. घेतल्यावर महिन्याभरात ठरलेल्या तक्रारी सुरू होतात: पंखा सारखा ओरडतो, बॅटरी तासाभरात बसते, आणि ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की सगळं गुदमरतं. या तिन्ही गोष्टी घरी निस्तरता येतात.

या लेखासाठी टी४८० मुद्दाम घेतला आहे, कारण त्यात रॅम, डिस्क, दोन्ही बॅटऱ्या, पंखा, कीबोर्ड, स्क्रीन असं जवळजवळ सगळं सुटं होतं. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे हात बांधले जातात. तुमच्याकडे दुसरं मॉडेल असेल तरी कामाचा क्रम हाच राहील. फक्त त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी उतरवून घ्या. लेनोवो, डेल आणि एचपी आपल्या ऑफिसवाल्या मॉडेल्सची मॅन्युअलं संकेतस्थळावर फुकट देतात, आणि त्यात कुठला स्क्रू कुठे, कुठली केबल कशी निघते हे चित्रांसह असतं. मॉडेलप्रमाणे बदलणाऱ्या बाबतीत व्हिडिओपेक्षा मॅन्युअलवर विश्वास ठेवा.

आणि एक नियम शेवटपर्यंत पाळा: एका वेळी एकच बदल. रॅम टाकली की झाकण नुसतं टेकवून लॅपटॉप सुरू करून बघा. मग बंद करा, मग पुढचं काम. एका बैठकीत रॅम, एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क), पेस्ट, बॅटरी सगळं उरकलं आणि स्क्रीन काळी राहिली, तर दोष कुठे शोधणार? दुकानदार एकदम करतो, कारण त्याच्याकडे तपासायला दुसरी रॅम, दुसरी डिस्क पडलेली असते. आपल्याकडे नसते.

विकत घेण्याआधी

लॅपटॉप अजून घेतला नसेल तर दुकानातच चार गोष्टी बघा.

पहिली म्हणजे प्रोसेसर. टी४७० आणि टी४८० बाहेरून सहज ओळखू येत नाहीत इतके सारखे दिसतात. पण टी४८० मध्ये साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो, उदाहरणार्थ आय५-८२५०यू किंवा आय५-८३५०यू, म्हणजे चार कोर. आधीच्या पिढीच्या याच वर्गातल्या आय५ ला दोनच. शिवाय विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तेव्हा स्टिकरवर न जाता सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा.

दुसरी गोष्ट बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगचा, पासवर्ड. सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो माहीत नसेल, तर तो लॅपटॉप घेऊ नका. थिंकपॅडचा हा पासवर्ड आतली नाण्याएवढी बॅटरी काढून पुसला जात नाही. अधिकृत उपाय म्हणजे मदरबोर्ड बदलणं. पुढे आपल्याला बायोसमध्ये जावंच लागणार आहे, म्हणून हे महत्त्वाचं.

तिसरी, डाव्या बाजूची दोन्ही यूएसबी-सी पोर्ट. दोन्हींतून चार्ज होतो का ते चार्जर लावून बघा, आणि केबल हलकेच हलवा. पोर्ट डगमगत असेल तर ते थेट बोर्डावर डकवलेलं असतं, म्हणजे काम चिप-लेव्हलवाल्याकडे, बोर्डावरचे बारीक भाग बदलणाऱ्या कारागिराकडे, जाणार.

चौथी गोष्ट स्क्रीन. या मॉडेलचे काही नग १३६६ बाय ७६८ च्या फिकट पॅनेलसह विकले गेले, काही १९२० बाय १०८० च्या आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणाऱ्या) पॅनेलसह. दुसरा मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्या. नंतर पॅनेल बदलता येतं, पण त्याचे पैसे आणि खटपट या फरकापेक्षा जास्त पडते.

पेचकस हातात घेण्याआधी

सगळ्यात आधी डेटा. फोटो, कागदपत्रं, टॅलीच्या फायली, जे काही असेल ते बाहेरच्या डिस्कवर काढा. विंडोजमध्ये डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल, आणि बऱ्याच ठिकाणी ती आपल्या नकळत झालेली असते, तर बिटलॉकरची (विंडोजच्या या कुलपाची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर किंवा बोर्डाला हात लागल्यावर विंडोज ही ४८ आकडी की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेला समजा.

मग निदान. टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचं काम करताना बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर चिकटून बसली असेल तर रॅम कमी आहे. मेमरी मोकळी असून डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क किंवा मरायला टेकलेली एसएसडी. दोन्ही ठीक असून लॅपटॉप मंद असेल तर तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्रॅम प्रोसेसरचं तापमान दाखवतो. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, त्याच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. काहीच उघडलेलं नसताना ६० च्या वर असेल आणि साधा व्हिडिओ लावल्यावर ९५ ला जात असेल, तर रॅम घालून काही होणार नाही, आधी धूळ काढा. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो सांगतो. तिथे 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर बाकी सगळं थांबवून आधी डेटा वाचवा.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर निदान उलट दिशेने. चार्जर काढा, बाहेरची बॅटरी काढा. टी४८० च्या तळाला सुईच्या टोकाएवढं रीसेटचं भोक असतं, त्यात उलगडलेली पेपर क्लिप घालून हलकेच दाबा. मग फक्त चार्जर लावून बघा. पुष्कळदा 'मेलेला' लॅपटॉप एवढ्यावर उठतो.

टी४८० असेल तर या टप्प्यावर आणखी एक काम करायलाच हवं. यातल्या थंडरबोल्ट कंट्रोलरच्या (यूएसबी-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या) सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, दोष होता. तसाच वापरत राहिलं तर कालांतराने यूएसबी-सी पोर्ट बंद पडतं, त्यातून चार्जिंग होत नाही, बाहेरचा मॉनिटर चालत नाही. लेनोवोने दुरुस्त फर्मवेअर काढलेलं आहे. लेनोवोचा व्हँटेज हा प्रोग्रॅम किंवा सपोर्ट पान यांवरून ते टाका, सोबत बायोसही अद्ययावत करा. चार्जर लावलेला हवा, बॅटरीत चार्ज हवा, आणि वीज जायची वेळ टाळा. मध्येच बंद पडलं तर पोर्ट किंवा अख्खा बोर्ड अडकू शकतो. ऑफिसातून निघालेल्या नगांवर हे अपडेट झालेलं असेल असं गृहीत धरू नका.

सामान

चुंबकी टोकाचा छोटा फुलीचा पेचकस, एक प्लास्टिकची पट्टी किंवा गिटारची पिक, मऊ ब्रश, कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सुटणारं कापड आणि थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या लेपाची) छोटी ट्यूब. इतकंच. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. हात धुवायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. धातूच्या सुरीने किंवा स्टीलच्या पट्टीने झाकण उचकटू नका. कडा कायमच्या ओरबाडल्या जातात आणि आत टोक कुठे लागेल सांगता येत नाही.

एका कागदावर लॅपटॉपच्या तळाचं रेखाचित्र काढा, त्यावर दुहेरी चिकटपट्टी लावा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवा. आतल्या स्क्रूंच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डात किंवा स्क्रीनच्या बाजूने बाहेर घुसतो.

स्थिर विजेचा धोका आपल्याकडे पावसाळ्यात कमी, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत जास्त. गालिच्यावर, सिंथेटिक चादरीवर बसून काम करू नका. लाकडी टेबल बरं. बोर्डाला हात लावण्याआधी खिडकीचा गज किंवा नळ असा मोठा धातू एकदा स्पर्शून घ्या.

उघडणं

टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या आहेत, एक मागे बाहेर लावलेली आणि एक आत. बाहेरची काढली म्हणजे वीज बंद झाली असं होत नाही. म्हणून चार्जर काढून लॅपटॉप सुरू करा, एफ१ दाबून बायोसमध्ये जा, 'कॉन्फिग', मग 'पॉवर', आणि तिथे 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा. लॅपटॉप आपोआप बंद होतो आणि आतली बॅटरी बोर्डाला वीज देणं थांबवते. पुन्हा चार्जर लावेपर्यंत ती तशीच राहते. इतर कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ही सोय नसेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीचं कनेक्टर काढणं.

आता लॅपटॉप उलटा करा, दोन्ही खिट्ट्या सरकवून बाहेरची बॅटरी काढा. सिम किंवा मेमरी कार्ड असेल तर तेही काढा. तळाला सहा स्क्रू आहेत. ते सैल होतात पण बाहेर येत नाहीत, झाकणातच अडकून राहतात. अनेक जण इथे घाबरतात आणि स्क्रू पक्कडीने ओढतात. ओढू नका. फिरवताना हलकीशी 'टक' जाणवली आणि स्क्रू वर उचलला गेल्यासारखा वाटला की तो सुटला.

मग झाकणाच्या कडेने बघा. सहाही स्क्रू सुटल्यावर एखाद्या कोपऱ्यात फट आपोआप थोडी मोठी होते. तिथे पिक घाला आणि कडेकडेने पुढे सरकवा. एकेक क्लिप कट्-कट् आवाज करत सुटेल. पिक आत फार घुसवायची नाही, पाच मिलिमीटर पुरे. कुठे क्लिप हटून बसली तर जोर करण्याआधी जवळचा स्क्रू पूर्ण सुटला आहे का ते बघा, बहुतेक वेळा तोच राहिलेला असतो.

झाकण निघालं की काहीही हलवण्याआधी मोबाइलने नीट उजेडात दोन-तीन फोटो काढा. विशेषतः वायफायच्या काळ्या-राखाडी बारीक वायरी कुठल्या खाचांतून गेल्या आहेत ते. परत बसवताना त्या खाचेबाहेर राहिल्या तर झाकणाखाली चेपतात आणि मग वायफायची रेंज का गेली हे लक्षात येत नाही.

धूळ आणि थर्मल पेस्ट

पैसे सर्वांत कमी लागतात आणि फरक सर्वांत आधी कळतो तो इथे. म्हणून सुरुवात इथूनच.

पंखा आणि तांब्याची नळी समोरच दिसते. पंख्याच्या आतून हवा जिथून बाहेर पडते तिथे पातळ पत्र्यांची जाळी असते. वापरलेल्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि जाळी यांच्या मध्ये धुळीचा करड्या रंगाचा पापुद्रा बसलेला असतो, जवळजवळ फेल्टच्या कापडासारखा. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट जाळीत आणखी घट्ट बसतो. म्हणून पंखा काढायला हवा.

हीटसिंकच्या (तांब्याची नळी आणि जाळी मिळून झालेल्या भागाच्या) स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे बारीक आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रमाने, ४ पासून, प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा. एकच स्क्रू पूर्ण सोडला तर हीटसिंक तिरका होतो आणि प्रोसेसरच्या उघड्या काचेसारख्या चिपच्या कोपऱ्यावर सगळा भार येतो. तो कोपरा तुटला की बोर्ड गेला. पंख्याची केबल बोर्डावरून काढताना वायरी ओढू नका, कनेक्टरचं प्लास्टिक नखाने दोन्ही बाजूंनी हळूहळू पुढे ढकला. हीटसिंक जुन्या पेस्टने चिकटला असेल तर उचकटू नका, एक-दोन मिलिमीटर डावी-उजवीकडे हलवत सोडवा. त्याआधी दहा मिनिटं लॅपटॉप चालवून मग उघडला असेल तर पेस्ट मऊ असते, काम सोपं होतं.

धूळ साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या हवेने पंखा जोरात फिरू दिला तर त्याच्या बेअरिंगवर ताण येतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज तयार होते. पंखा बोटाने हळू फिरवून बघा. खरखर लागली किंवा पाती वर-खाली हलली तर पंखाच बदला. त्यात तेल घालण्याचे उपाय सांगितले जातात, ते दोन महिने चालतात.

आता पेस्ट. प्रोसेसरच्या हिरव्या तुकड्यावर दोन चकचकीत चौकोन दिसतील, एक मोठा, एक छोटा. आधी ज्यावर पेस्ट होती त्यावरच नवीन लावायची. जुनी पेस्ट कापडावर अल्कोहोल घेऊन पुसा, चिपवर थेट ओतू नका. चिप आरशासारखी दिसेपर्यंत पुसा, मग हीटसिंकची खालची बाजूही. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवा. इथे भार पेस्टवर येतो आणि ती स्वतःच पसरते. जास्त लावली तर बाजूला सांडते आणि उष्णताही नीट जात नाही. हीटसिंक एकदा टेकवला की उचलून पुन्हा ठेवू नका, मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. उचलावाच लागला तर पुसून नव्याने पेस्ट लावा. स्क्रू आता १ पासून क्रमाने, पुन्हा अर्धा-अर्धा फेरा.

पंख्याची केबल लावली का ते दोनदा बघा. झाकण टेकवा, चार्जर लावा, सुरू करा. 'फॅन एरर' आला तर केबलच बसलेली नाही. आला नाही तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये आधीच्या आकड्यांशी तुलना करा. फरक दिसलाच नाही तर हीटसिंक सपाट बसलेला नाही.

रॅम

टी४८० मध्ये दोन खाचा आहेत आणि दोन्हींत डीडीआर४ ची लॅपटॉपवाली छोटी रॅम बसते, वेग २४०० मेगाहर्ट्झ. २६६६ ची मिळाली तरी चालते, ती २४०० वर धावते. अधिकृत मर्यादा ३२ जीबी. घरच्या वापराला १६ जीबी भरपूर, आणि ती ८ अधिक ८ अशी दोन खाचांत टाका. या प्रोसेसरचं ग्राफिक्स वेगळी मेमरी न वापरता रॅमच वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्या एकत्र चालल्या की व्हिडिओ आणि बाहेरचा मॉनिटर यांत फरक पडतो. एकच ८ जीबीची पट्टी आधी आहे का, हे उघडून बघा, म्हणजे नवी एकच घ्यावी लागेल. जुन्या लॅपटॉपसाठी रॅम घेताना डीडीआर३ की डीडीआर४ हे नक्की करा. पट्टीवरचा काप वेगळ्या जागी असतो, त्यामुळे चुकीची बसतच नाही, पण दुकानातून परत देताना वाद होतो.

रॅम तिरकी, साधारण ३० अंशांत, पूर्ण आत सरकवा. सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत. मग खाली दाबा, दोन्ही बाजूंचे धातूचे चाप एकाच वेळी अडकले पाहिजेत. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, कदाचित एकदा आपोआप रीस्टार्ट होतो. लगेच बटण दाबून धरू नका, मिनिटभर थांबा. बीप वाजत राहिली तर रॅम काढून पुन्हा बसवा. सगळं ठीक असेल तर रात्री झोपताना पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवा. सकाळी एकही चूक नसली पाहिजे. एक जरी लाल ओळ दिसली तरी ती पट्टी बदलून घ्या.

डिस्क

फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी हाच सर्वांत मोठा बदल, रॅमपेक्षाही. याबाबत मला काही शंका नाही. पंधरा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपलाही साटा (हार्ड डिस्कसारख्याच जोडणीची) एसएसडी टाकली की तो वापरण्याजोगा होतो.

टी४८० मध्ये दोन शक्यता आहेत. २.५ इंची डिस्कची जागा असेल तर तिथे ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी थेट बसते. त्याच जागी एम.२ च्या पट्टीतली (अरुंद पट्टीच्या आकाराची) एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान एसएसडी, असू शकते. ती बसवायला लेनोवोची वेगळी धातूची पट्टी लागते. तुमच्या नगात काय आहे ते उघडून बघूनच खरेदी करा. एनव्हीएमई असली तरी या मॉडेलमध्ये तिला पीसीआय एक्स्प्रेसच्या चारऐवजी दोनच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) मिळतात, त्यामुळे सर्वांत वेगवान, महागडी एनव्हीएमई घेण्यात अर्थ नाही. मधल्या किमतीची, पाच वर्षांच्या वॉरंटीची घ्या.

गंमत म्हणजे या लॅपटॉपमध्ये मोबाइल डेटाच्या कार्डासाठी ठेवलेली एक छोटी एम.२ खाच आहे. बहुतेक भारतीय नगांत ती रिकामी असते. तिथे ४२ मिलिमीटर लांबीची, दोन खाचांची म्हणजे बी आणि एम की असलेली एनव्हीएमई बसते. एकावर विंडोज, एकावर लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टिम) अशी सोय त्यातून होते. ८० मिलिमीटरची नेहमीची पट्टी तिथे बसणार नाही, लांबी तपासा.

जुन्या डिस्कवरची सिस्टिम तशीच नव्यावर क्लोन (हुबेहूब नक्कल) करता येते, पण कुणाचीतरी ऑफिसची जुनी विंडोज पुढे ओढण्यापेक्षा नव्याने टाकलेली बरी.

बॅटरी

आतली बॅटरी २४ वॉट-अवरची. बाहेरची तीन प्रकारांत येते: २४, ४८ आणि ७२ वॉट-अवर. ७२ वाली खाली फुगून येते, लॅपटॉप मागून उचलला जातो. टायपिंगला ते काहींना आवडतं. लॅपटॉप आधी बाहेरची बॅटरी संपवतो, मग आतली, त्यामुळे आतली चांगली असेल तर बाहेरची चालू लॅपटॉपमध्ये बदलता येते.

लेनोवो व्हँटेजमध्ये मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता हे दोन आकडे दिसतात. सध्याची ६० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बदला. बाजारात 'मूळ कंपनीची' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त बॅटऱ्यांमध्ये नकली फार. पॅकिंगवरची छपाई, वजन आणि बिल बघा. बॅटरीवर कंपनीची वॉरंटी नाही असं विक्रेता म्हणाला तर दुसरं दुकान शोधा.

टचपॅड वर आला असेल, तळाचं झाकण बसत नसेल, किंवा टेबलावर लॅपटॉप डगमगत असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जर लावू नका, दाबू नका, टोचू नका. ती काढून हवेशीर जागी धातूच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटरी बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर ती परत घेऊन पुनर्वापराला देण्याची जबाबदारी आहे. घरच्या कचऱ्यात टाकायची नाही.

लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरवरच असतो का? मग व्हँटेजमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. लिनक्समध्ये टीएलपी हा प्रोग्रॅम तेच करतो. गावी वारंवार वीज जाते तिथे मात्र १०० टक्के ठेवणंच शहाणपणाचं.

स्क्रीन, कीबोर्ड, चार्जर

स्क्रीन बदलताना आधी जुन्या पॅनेलच्या मागचा स्टिकर वाचा. साधं पॅनेल ३० पिनांचं असतं, टचवालं ४० पिनांचं. एकमेकांच्या जागी बसत नाहीत. केबल काढताना दोन्ही बॅटऱ्यांची वीज बंदच पाहिजे. चालू वीजेत केबल लागली-निघाली तर बोर्डावरचा बॅकलाइटचा बारीक फ्यूज उडतो आणि मग नवीन पॅनेलही काळं दिसतं. हा सल्ला कोणत्याही कंपनीच्या लॅपटॉपला लागू.

कीबोर्डच्या रिबन केबलची खिटी पापणीसारखी वर उचलायची, ओढायची नाही. मराठी टायपिंग सुरू करायचं असेल तर नवा कीबोर्ड घेण्याची गरज नाही. इन्स्क्रिप्ट मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीच असते, फक्त अक्षरांचे स्टिकर लागतात.

चार्जर ६५ वॉटचा, २० व्होल्ट देणारा यूएसबी-सी घ्या. मोबाइलचा चार्जर लावून 'चार्ज होत नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

सिस्टिम

टी४८० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. बायोसमध्ये सिक्युरिटी चिप आणि सिक्युअर बूट चालू असू द्या. या मदरबोर्डवर आधी खरी विंडोज चालत असेल तर परवाना बोर्डाशी जोडलेला असतो, नव्या डिस्कवर तीच आवृत्ती टाकली की इंटरनेटला जोडल्यावर ती आपोआप सक्रिय होते. तिथे की विकत घ्यायची गरज नाही.

सातव्या पिढीचा किंवा त्याहून जुना लॅपटॉप असेल तर त्यावर लिनक्स मिंट घाला. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, ४ जीबी रॅमवरही तो चालतो, आणि आधी पेनड्राइव्हवरून नुसता चालवून बघता येतो. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासा. सरकारी संकेतस्थळांवरच्या डिजिटल सहीच्या की ने काम करणाऱ्यांनी, किंवा टॅलीवर अवलंबून असणाऱ्यांनी मात्र मिंटवर जाण्याआधी तेवढं काम तिथे जमतं का ते बघून घ्यावं.

इथे थांबा

पाणी किंवा चहा सांडला तर ताबडतोब बटण दाबून बंद करा, बाहेरची बॅटरी काढा, उलटा धरा. 'बघू तरी सुरू होतो का' म्हणून लावू नका. तांदळात ठेवण्याने बोर्डावरचा क्षार निघत नाही. गोड चहा तर नाहीच. हे काम बोर्ड धुऊन सुकवणाऱ्याचं. कोकणात समुद्रकाठी वापरलेल्या लॅपटॉपच्या कनेक्टरांवर हिरवट थर दिसला तरी तो नखाने खरवडू नका, अल्कोहोल आणि ब्रश वापरा. बोर्डावरच असेल तर तिथेही चिप-लेव्हलवाला गाठा.

बोर्डाच्या दुरुस्तीचा अंदाज घेताना एकदा त्याच मॉडेलच्या चालू लॅपटॉपचा भाव विचारा. अंदाज निम्म्याच्या वर गेला तर दुसरा नग घ्या आणि पहिल्याचे रॅम, एसएसडी, बॅटरी, पॅनेल त्यात वापरा. हे सगळं बसतं म्हणूनच हे मॉडेल निवडायचं.

निघालेली जुनी हार्ड डिस्क यूएसबीच्या केसमध्ये टाकून बॅकअपसाठी वापरा. ती देऊन टाकणार असाल तर नुसतं फॉरमॅट पुरत नाही, अख्खी डिस्क एकदा शून्यांनी भरा. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या प्रोग्रॅमातला 'सिक्युअर इरेज' चालवा, आणि त्याआधी बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर उघडतो का हे स्वतः बघा.